हीटर प्लग झिजतो, मान्य. पण तो जळला कशाने, ते कोण बघणार?

प्रति,
एक्स्टेंडेड वॉरंटी विकणाऱ्या मोटार कंपन्या, त्यांचे मराठवाड्यातले डीलर आणि क्लेम मंजूर-नामंजूर करणारे अधिकारी

महोदय,

मी लातूरचा डिझेल मिस्त्री. तुम्ही नाकारलेल्या क्लेमवर माझं गॅरेज बऱ्यापैकी चालतं, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये 'हे वॉरंटीत बसत नाही' ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा असतो आणि पैसे मलाच मोजतो. तुम्ही सुधारलात तर तोटा माझा. तरी लिहितोय, कारण दर हिवाळ्यात तेच ते बघून वीट आलाय. गार डिझेल इंजिन चालू व्हायला मदत करणारा हीटर प्लग जातो (तुमच्या पुस्तिकेत तो ग्लो प्लग असतो), मालक एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद घेऊन तुमच्याकडे येतो, काउंटरवरचा ॲडव्हायझर 'प्लग वेअर अँड टेअरमध्ये जातो' म्हणतो, आणि बॉनेट उघडायच्या आधीच विषय मिटतो.

प्लग झिजतो, हे मला तुम्ही सांगायला नको. चांगल्या प्लगचं आयुष्य साधारण लाखभर किलोमीटर धरतात. त्यानंतर गेला तर निमूट नवा टाका, असं मीही गिऱ्हाइकाला सांगतो. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, क्लच प्लेट यांच्या पंगतीला तुम्ही त्याला बसवलंय, खुशाल बसवा. माझं भांडण आहे ते चाळीस-पन्नास हजारांवर जळालेल्या प्लगबद्दल. एकाच सिलिंडरचा प्लग वर्षाच्या आत दुसऱ्यांदा जातो, त्याबद्दल. चारही प्लग एकाच सकाळी गेलेले निघतात, त्याबद्दल. असा प्लग झिजून गेलेला नसतो, त्याला कुणीतरी मारलेलं असतं. आणि मारणारा बहुतेक वेळा तुमच्या वॉरंटीच्या यादीतलाच पार्ट असतो.

हे पत्र गाडीमालकही वाचतील, म्हणून थोडं मुळातून सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती आपोआप पाचशे अंशांच्या वर तापते, मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. जुन्या इंजिनांत हवा वीस-बावीस पट दाबली जायची, आताच्या कॉमन रेल इंजिनांत सोळा-सतरा पटींच्या आसपास. इंजिन गार असलं की दाबलेल्या हवेतली उष्णता हेड आणि पिस्टनच ओढून घेतात. फवारा पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरला पेन्सिलीएवढा एक हीटर दिलेला असतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर पिवळ्या स्प्रिंगचा लाइट लागतो, तेवढ्यात त्याचं टोक लालभडक होतं. पूर्वी त्यासाठी अर्धा-अर्धा मिनिट थांबावं लागायचं. आताचे प्लग काही सेकंदांत हजार अंशांच्या जवळ जातात. गाडी चालू झाल्यावरही ते लगेच विझत नाहीत. धूर आणि धडधड कमी व्हावी म्हणून दोन-तीन मिनिटंसुद्धा तापत राहतात. किती वेळ तापायचं, किती व्होल्ट घ्यायचे, हा सगळा कारभार एक कंट्रोल युनिट बघतं.

खरी मेख या कंट्रोल युनिटमध्ये आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांतले प्लग बारा व्होल्टचे नसतातच. कुठे सात व्होल्टचे, कुठे पाचाच्याही खालचे. बॅटरीचे बारा व्होल्ट झपाझप चालू-बंद करून प्लगला झेपेल तेवढंच कंट्रोल युनिट पुढे सोडतं. युनिट बिघडलं, किंवा जुन्या पद्धतीच्या गाडीत रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटून बसला, की नको तितका करंट नको तितका वेळ जातो आणि चारही प्लग एकदम बसतात. दुसरा संशयित इंजेक्टर, म्हणजे डिझेलचा फवारा सोडणारा पार्ट. नोझल ठिबकायला लागलं किंवा फवारा वाकडा झाला की आग प्लगच्या टोकालाच भिडते, टोक फुगतं, तडकतं, वितळतं. त्या सिलिंडरला कितीही भारी नवा प्लग टाका, काही महिन्यांत तोही जाणार. आता तुमची यादी बघा. इंजेक्टर यादीत आहे. कंट्रोल युनिट बहुतेक योजनांत आहे. प्लग नाही. आणि प्लग नाही एवढ्याच कारणावर तपासणी थांबते, तेव्हा इंजेक्टर आणि युनिट दोघेही निर्दोष सुटतात.

रेणापूरकडच्या एका शिक्षकांची गाडी घ्या. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०६७२, म्हणजे दोन नंबर सिलिंडरच्या प्लगचं सर्किट. अधिकृत वर्कशॉपने प्लग बदलला, पैसे घेतले, कोड पुसला. पुढच्या थंडीत पुन्हा तोच कोड, तोच सिलिंडर. तेव्हा ते माझ्याकडे आले. प्लग काढला तर टोक एका बाजूने खाल्लेलं. इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडे पाठवून बेंचवर लावला, तर दाब दिल्यावर थेंब लोंबायला लागला. तोवर त्यांच्या वॉरंटीची मुदत संपली होती. मी म्हणालो, "सर, पहिल्याच वेळी इंजेक्टर बघितला असता तर हा खर्च कंपनीच्या गळ्यात होता." ते म्हणाले, "अहो, मी इचारलं होतं की. ते म्हणले, प्लग जायलाय तर बदला अन् चालवा."

एकच सिलिंडर दुसऱ्यांदा, किंवा चारही एकदम: या दोन्ही वेळी निदान पुढे न्यायला हवं, हे कुठल्याही मिस्त्रीला कळतं. तुमच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीलाही कळतं, माझ्या ओळखीचे आहेत त्यातले काही. पण त्याच्या हातात जॉब कार्ड असतं आणि जॉब कार्डावर जेवढं लिहिलंय तेवढंच तो करतो. पी०६७१ ते पी०६७४ हे चार कोड एकेका सिलिंडरच्या प्लगचे; पी०६७० आला तर बोट थेट कंट्रोल युनिटच्या सर्किटकडे जातं. ही अक्कल स्कॅनरमध्येच आहे. कोड आला त्या क्षणी इंजिन किती गार होतं, बॅटरी किती व्होल्टवर होती, हेही पुष्कळ गाड्यांत नोंदलेलं सापडतं. ती नोंद छापून मालकाच्या हातात द्यायला कागदाव्यतिरिक्त काही खर्च नाही.

आता आमच्या हवेबद्दल. मराठवाड्यात कसली आली थंडी, असं क्लेमच्या ऑफिसात बसून वाटू शकतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, हे खरं. पण परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा सहा-सात अंशांवर उतरल्याची बातमीही बहुतेक हिवाळ्यांत छापून येते, आणि उदगीर-अहमदपूरकडे शेतात उभी केलेली गाडी पहाटे पाचला काय करते ते येऊन बघा. या दोन टोकांमुळे एक गंमत होते, ती तुमच्या फायद्याची आहे. कॉमन रेल इंजिन उन्हाळ्यात एखादा-दुसरा प्लग मेलेला असला तरी पहिल्या सेल्फला चालू होतं. हवाच इतकी तापलेली असते की प्लगची गरज पडत नाही, आणि पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर प्लगना तेव्हा नीट कामाला लावतही नाही. त्यामुळे फेब्रुवारीत मेलेला प्लग नोव्हेंबरपर्यंत कुणालाच दिसत नाही. डॅशबोर्ड गप्प, मालक खूश. गाडी घेतली असते दसऱ्याला, कारण आमच्याकडे गाड्या दसरा नाहीतर पाडव्यालाच घरी येतात. म्हणजे वॉरंटीची पाच वर्षं संपतात ऑक्टोबरात, आणि दोष उघडा पडतो डिसेंबरात.

डिसेंबरात काय होतं तेही सांगतो. एक प्लग गेला तर गाडी चालू होते, पण पहिलं मिनिटभर मिसिंग करते, थरथरते, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर सोडते. दोन-तीन गेले तर सेल्फ नुसता फिरत राहतो. मालकाला वाटतं बॅटरी बसली. तो बॅटरी बदलतो. मग कुणीतरी सांगतं सेल्फ दुरुस्त करा, तोही होतो. ज्या प्लगची किंमत हजार-दोन हजारांच्या घरात, त्याच्यासाठी त्याच्या कितीतरी पट पैसे आधीच गेलेले असतात. शेवटी गाडी ढकलून कशीबशी चालू करतो (ऑटोमॅटिक असली तर तीही सोय नाही) आणि दहा-अकरा वाजता तुमच्याकडे पोचतो. औराद शहाजानी किंवा देवणीहून तास-दोन तास चालवत आणलेली गाडी! इंजिन कडक तापलेलं. तुमचा माणूस चावी फिरवतो, गाडी झटक्यात चालू. जॉब कार्डावर शेरा: 'दोष आढळला नाही'.

अहो, कसा आढळेल? गार इंजिनाचा दोष गरम इंजिनात शोधताय. अशी गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये उभी राहिली पाहिजे आणि सकाळी सहा-सातला, बाकी कुणी चावीला हात लावायच्या आत, मालकासमोर चालू केली पाहिजे. वर्कशॉप नऊला उघडतं ही अडचण मला मान्य नाही. वॉचमन असतोच, मालक स्वतः यायला तयार असतो. तेही जमत नसेल तर मल्टिमीटर आहे. प्लगची वायर काढायची, प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात रेझिस्टन्स मोजायचा. चांगला प्लग एक ओहमच्या अलीकडे-पलीकडे दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चार प्लग मोजायला, वरची झाकणं-पाइप काढून धरलं तरी, अर्धा तास पुरे. मात्र बारा व्होल्टची वायर थेट लावून 'लाल होतोय का' बघायची जुनी सवय सोडा. आमच्या लाइनीतल्या जुन्या मिस्त्र्यांनाही मी हेच सांगतो. पाच व्होल्टच्या प्लगला बारा दिले की तो डोळ्यांदेखत मरतो, आणि मग तो आधी चांगला होता की वाईट, हे परमेश्वरालाही सांगता येत नाही.

यापुढचा मुद्दा पैशांच्या हिशेबाने सगळ्यात मोठा आहे आणि तुमच्या पुस्तिकेत त्याबद्दल चकार शब्द नसतो. प्लग तुटण्याचा.

हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी, बारीक, लांबुडका. काही वर्षं तो आत तसाच राहिला की आट्यांत गंज आणि टोकाभोवती कार्बन धरतो. बसवताना तो किती घट्ट करायचा? दहा ते वीस न्यूटन मीटर; मनगटाच्या जोरावर होणारं काम. काढताना मात्र जाम झालेला प्लग तेवढ्यावर सुटत नाही, आणि जोर वाढवला की मधोमध मोडतो. म्हणून शहाणा मिस्त्री आदल्या दिवशी आट्यांत जाम सोडवायचा स्प्रे मारून ठेवतो, इंजिन गरम करून घेतो, टॉर्क रेंचने हळूहळू मागे-पुढे करत सोडवतो आणि मर्यादा आली की थांबतो. हवेच्या गनने प्लग काढणारा पोरगा दिसला तर मी त्याला गॅरेजबाहेर काढीन. मोडला, तर उरलेला तुकडा खास ड्रिलच्या किटने काढावा लागतो. तेही नाही जमलं तर हेड उतरवायचं. हेड उतरवलं की गॅस्केट, कूलंट, टायमिंगचं काम, मजुरी, शिवाय हेड वाकलंय का बघायला मशीन शॉप. हजार-दोन हजारांच्या पार्टपायी बिल पन्नास हजारांकडे सरकताना मी पाहिलंय.

हा खर्च कुणाचा? तुम्ही म्हणता प्लग वॉरंटीत नाही, म्हणून तो काढताना जे होईल तेही वॉरंटीत नाही. आणि जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात मालकाची सही घेतलेलीच असते. पण मोडणारे हात तुमच्या वर्कशॉपचे होते. प्लग कधी, कसा सोडवायचा याच्या सूचना तुमच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहेत. त्या पाळल्या होत्या का, रेंच लावला होता की गन, हे विचारायचा हक्क मालकाला आहे. तो विचारत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्याकडे असा प्लग आला की मी आधी मालकाला फोन करतो: मोडू शकतो, मोडला तर इतका खर्च, काढू का? तो हो म्हणाला तरच हात लावतो. एवढं तर तुम्हीही करू शकता.

बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) गाड्यांनी यात भर घातली. १ एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास तापवून अधूनमधून जाळावी लागते, गाडीचा कॉम्प्युटर ते आपलं आपण करतो. काही मॉडेलांत प्लगचा कोड उभा असला की कॉम्प्युटर ही जाळणी सुरूच करत नाही. म्हणजे मालकाने 'चालू तर होतेय' म्हणून दुर्लक्ष केलेला एक प्लग काही महिन्यांत अख्खा फिल्टर तुंबवतो, गाडी रेस धरत नाही, आणि मग तुमच्याकडचं ठरलेलं उत्तर येतं: तुमचं ड्रायव्हिंग शहरातलं आहे, फिल्टर त्याने चोक झाला. मुलांना क्लासला सोडणाऱ्याच्या बाबतीत हे खरंही असेल. लातुरात तशा गाड्या पुष्कळ. पण आठवड्याला लातूर-पुणे करणाऱ्या माणसाला हेच उत्तर दिलं जातं तेव्हा मला हसू येतं. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर हायवेवर एका दमात पळणाऱ्या गाडीचा फिल्टर चोक होतो, तर आधी जुने कोड काढून बघावेत की जाळणी कशाने अडली होती.

'डिझेल खराब होतं' हेही एक आवडतं उत्तर. असेलही, भेसळ होते, स्वस्त बायोडिझेलच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते आम्हाला रोज दिसतं. पण मग टाकीतला नमुना घ्या, मालकासमोर सील करा, तपासायला पाठवा. नुसतं वास घेऊन क्लेम रिजेक्ट करू नका.

बाहेर काम केल्याच्या आरोपाबद्दल जरा जास्त लिहावं लागेल. किनवटचा माणूस नांदेडच्या वर्कशॉपपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब असतो. पहाटे घरातल्या आजारी माणसाला घेऊन निघायचंय आणि गाडी चालू होत नाही, तर तो गावातल्या मिस्त्रीला उठवणार. तुमच्या टोल फ्री नंबरची वाट बघत बसणार नाही. मिस्त्री एक प्लग टाकून त्याला वाटेला लावतो. वर्षभराने टर्बो गेला की तुम्ही तेच बिल दाखवून म्हणता, अनधिकृत ठिकाणी काम केलंत, वॉरंटी रद्द. प्लगचा आणि टर्बोचा संबंध काय, हे कुणी सांगत नाही.

स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो मुख्यतः सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देण्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, दंडाची कहाणी वेगळी आहे. पण त्या आदेशात वॉरंटीबद्दल जे म्हटलंय ते साधं आहे: बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट नको; बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी. २४ डिसेंबर २०२२ ला ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. तरीही तुमच्या किती ॲडव्हायझरांना यातलं काही माहीत आहे? मी विचारून बघितलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पगारातून काही मागतोय.

आता ही वॉरंटी विकली कशी जाते ते बघू, कारण भांडणाचं मूळ तिथं आहे. डिलिव्हरीचा दिवस. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा बॉक्स, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो. घरची सगळी मंडळी आलेली. त्या गडबडीत फायनान्सवाला, विमावाला आणि एक्स्टेंडेड वॉरंटीवाला, तिघांच्या कागदांवर सह्या होतात. वॉरंटीची रक्कम हप्त्यात बसवलेली असते, वर १८ टक्के जीएसटी. सेल्समन एकच वाक्य म्हणतो: "पाच वर्षं टेन्शन नाही, इंजिनचं सगळं कव्हर आहे." सगळं! अपवादांची यादी नंतर कधीतरी इंग्रजी पुस्तिकेच्या मधल्या पानावर सापडते, तीही गाडी बंद पडल्यावर. सही घेण्याआधी ती यादी एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत वाचायला द्या. हीटर प्लग नाही, हे तिथं स्वच्छ लिहा. त्याचं कंट्रोल युनिट, रिले, वायरिंग आहे की नाही, तेही लिहा. काढताना प्लग मोडला तर खर्च कुणाचा, हे लिहा. त्याने तुमच्या विक्रीवर परिणाम होईल असं मला वाटत नाही. दसऱ्याच्या दिवशी लोक तरीही सही करतील. पण नंतर 'आम्ही सांगितलं होतं' हे तुम्हाला खऱ्या तोंडाने म्हणता येईल.

सांगितलं नसेल तर काय, तेही तुमच्या वकिलांना विचारा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, आणि त्यातली सेवेतल्या त्रुटीची व्याख्या: महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं त्यात धरलंय. मॉडर्न इन्सुलेटर्स विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली विमाधारकाला न कळवलेल्या अपवादाचा आधार विमा कंपनीला घेऊ दिला नाही. आमचा करार विम्याचा नाही, असं तुम्ही म्हणाल. काही योजनांच्या मागे विमा कंपनीच उभी असते, पण तो वाद वकिलांनी घालावा. माझ्या गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगतो की कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते; मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही; मुदत दोन वर्षांची; आणि आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळदा प्रकरण तिथंच हलतं.

यासाठी लागतो तो कागद, आणि नेमका तोच तुम्ही देत नाही. मंजुरी देणारे साहेब लांबच्या शहरात, त्यांच्याशी फक्त डीलर बोलणार, तोही फोनवर. मालकाला मिळतं ते तोंडी उत्तर: "वरून रिजेक्ट झालं." वर कोण? कुठल्या कलमाखाली? काय तपासून? क्लेम नाकारणं हा तुमचा हक्क असेल, पण तो लेखी बजावा. कुठला पार्ट, कुठला कोड, प्लगचे रेझिस्टन्स किती आले, इंजेक्टर बघितला की नाही, नाकारणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तारीख. आणि बदललेला जुना प्लग मालकाला परत द्या. त्याच्या टोकाकडे बघून अर्धी गोष्ट कळते. तो भंगाराच्या डब्यात गेला की तुमच्या शब्दापलीकडे काही उरत नाही.

तपासणीच्या खर्चाचंही असंच. इंजिन उघडून बघायला आधी मालकाची संमती घेता, दोष यादीतला निघाला नाही तर उघडझाकीचे पैसे त्याचे. ठीक आहे. पण प्लग मोजायला आणि स्कॅनर लावायला इंजिन उघडावं लागत नाही. तेवढी तपासणी फुकट असली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचं काय उघडायचं हे तुम्हालाच कळत नाही.

शेवटची मागणी एकच, आणि ती आमच्या हवेसाठी आहे. मराठवाड्यातल्या ज्या डिझेल गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी संपत आलीय, तिच्या शेवटच्या सर्व्हिसला चारही प्लग मोजा आणि आकडे बिलावर लिहा. महिना मे असला तरी. चारपैकी एक वेडावाकडा आला, तर मुदतीच्या आत इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट तपासा. दोष तेव्हा होता, हे कागदावर आलं की डिसेंबरातलं भांडण होणारच नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी अशीच आहे. तीन नंबर सिलिंडरचा प्लग आधी एकदा बदललेला, आता पुन्हा पी०६७३. वॉरंटी या दसऱ्याला संपते. त्यांनी तुमच्या लातूरच्या डीलरला इंजेक्टर तपासण्याचा लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. उत्तर मुदत संपायच्या आत आणि लेखीच यावं.

कळावे,
एक डिझेल मिस्त्री, लातूर